सहा महिन्यांचा दाणा

नर्सरीतली बारा इंची काळी पिशवी मातीने भरली की तिचे तोंड साधारण वीस सेंटिमीटर व्यासाचे होते. त्या तोंडाचे क्षेत्रफळ भरते ३१४ चौरस सेंटिमीटर. म्हणजे शंभर मिलिमीटर पाऊस झाला, की एका पिशवीत तीन लिटरांहून थोडे अधिक पाणी पडते. कोल्हापूर शहराचा वर्षाचा पाऊस हजार मिलिमीटरच्या आसपास आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमधला. पाच लिटर मिश्रणाच्या पिशवीवर त्या चार महिन्यांत पंचवीस-तीस लिटर पाणी ओतले जाते. पंचावन्न किलोमीटर पश्चिमेला, गगनबावड्यात, वर्षाचा पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या पुढे जातो. तिथे हाच आकडा दीडशे लिटरांवर पोचतो. पानांवरून बाहेर ओघळणारे आणि उन्हाने उडून जाणारे पाणी वजा केले, तरी उरलेले पाणी त्या पाच लिटर मिश्रणाला पुन्हा पुन्हा धुऊन काढते.

या धुण्यात पहिल्यांदा जाते ते नत्र. नायट्रेटवर ऋण भार असतो आणि मातीच्या कणांवरही ऋण भारच असतो. त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही, ते पाण्याबरोबर खाली उतरते. शेतात खाली उतरलेले नत्र निदान काही दिवस मुळांच्या टप्प्यात राहते, उसाचे मूळ त्याच्या मागे खोल जाऊ शकते. पिशवीतल्या जास्वंदीला खोल जायला जागाच नाही. बुडाच्या भोकांतून बाहेर पडलेले खत तिच्या दृष्टीने संपले. कोकोपीट आणि भाताचे तूस घातलेल्या हलक्या मिश्रणात स्फुरदही टिकत नाही. काळ्या रानात वर्षानुवर्षे बांधून राहणारे हे अन्नद्रव्य इथे पाण्यावाटे सहज निघून जाते.

कोल्हापूरच्या आसपास रस्त्याकडेच्या नर्सऱ्यांमध्ये गेल्या काही दशकांत शोभेच्या झुडपांची गर्दी वाढत गेली. जास्वंद, तगर, कण्हेर, एक्झोरा, कामिनी, क्रोटन, अकॅलिफा, बोगनवेल, मुसांडा, टिकोमा, कुंपणासाठी गोल्डन दुरांटा. यातली काही रोपे इथेच छाट कलमांपासून तयार होतात. बरीचशी पुण्याजवळच्या सोरतापवाडी-उरुळी कांचन पट्ट्यातून, नाहीतर थेट आंध्रातल्या राजमहेंद्रवरमजवळच्या कडियमहून ट्रकने येतात. बंगल्यांच्या नव्या वसाहती, हॉटेलांची आवारे, शाळा आणि कारखान्यांच्या बागा अशी मागणीही आहे. गार्डन्स क्लबच्या वार्षिक पुष्पप्रदर्शनासाठी कुंड्या सजवणाऱ्या हौशी मंडळींची या शहरात जुनी परंपरा आहे. या सगळ्यांचे झाड आयुष्याचा पहिला आणि नाजूक काळ पिशवीत काढते. तिथे त्याच्या जेवणाची सोय कशी होते, हा प्रश्न मात्र चर्चेत फारसा येत नाही.

सोय बहुधा सवयीने होते. भरणीत लाल माती, शेणखत, तूस किंवा कोकोपीट, जमल्यास साखर कारखान्याच्या प्रेसमडचे कंपोस्ट. वर थोडी निंबोळी पेंड. मग रोप पिवळे पडू लागले की कृषी सेवा केंद्रातून आणलेले एकोणीस-एकोणीस पाण्यात विरघळवून दिले जाते, किंवा डीएपीची चिमूट बुंध्याशी टाकली जाते. उसाला दहा-सव्वीस-सव्वीस देताना एकरी पोती मोजणारा माणूस नर्सरीत आला की चिमटीने आणि मुठीने मोजतो. ही मूठ कोरड्या दिवसांत पानांच्या कडा जाळते आणि आषाढात दोन दिवसांत वाहून जाते. रोपाला एक दिवस मेजवानी आणि पुढचे बारा दिवस उपास, असा तो प्रकार.

नियंत्रित रीतीने खत सोडणारा लेपित दाणा याच अडचणीतून जन्मला. पाहायला तो साधा असतो: न भिजवलेल्या साबुदाण्याएवढा गोल, पिवळसर, तपकिरी किंवा हिरवट. आत नत्र, स्फुरद, पालाश आणि कधी सूक्ष्म अन्नद्रव्ये असतात. बाहेर राळेचा किंवा प्लास्टिकसारख्या बहुवारिकाचा पातळ लेप असतो. मातीतली ओल वाफेच्या रूपाने लेपातून आत शिरते. आतले क्षार विरघळतात, त्यांचा द्राव तयार होतो, दाणा फुगतो आणि तो द्राव लेपातून हळूहळू बाहेर झिरपू लागतो. इस्रायलमधल्या टेक्नियन संस्थेचे अवी शाविव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रवासाचे तीन टप्पे मांडले. सुरुवातीला काहीच बाहेर येत नाही असा थोडा काळ जातो. मग बराच काळ एकसारख्या वेगाने खत सुटते. शेवटी आतला द्राव पातळ होत गेल्यावर वेग मंदावतो. आतला दाब लेपाला झेपला नाही तर तो फाटतो आणि सगळे खत एकदम बाहेर पडते. चांगल्या आणि वाईट मालात मुख्य फरक हाच, की शंभरातले किती दाणे असे फाटतात.

हे सारे एका रात्रीत सुचलेले नाही. युरिया आणि फॉर्मल्डिहाइड एकत्र करून सावकाश विरघळणारे खत बनवण्याचे पेटंट जर्मनीत १९२४ सालीच घेतले गेले होते. इंग्लंडमधल्या जॉन इन्स संस्थेत १९३० च्या दशकात विल्यम लॉरेन्स आणि जॉन न्यूएल यांनी कुंडीच्या मातीची ठरावीक मिश्रणे बसवली. त्यांत नत्रासाठी त्यांनी जनावरांच्या खुरा-शिंगांचा भुगा घातला, कारण तो कुजायला वेळ घेतो. १९५७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने केनेथ बेकर यांच्या संपादनाखाली कुंडीतल्या रोपांविषयीची पुस्तिका काढली आणि अमेरिकेतल्या नर्सरीधंद्याला शास्त्राची बैठक मिळाली. १९६१ च्या सुमारास अलाबामातल्या मसल शोल्स येथे टेनेसी व्हॅली अथॉरिटीच्या शास्त्रज्ञांनी युरियावर गंधकाचा थर चढवला. १९६७ मध्ये ऑस्मोकोट हे राळेचा लेप असलेले खत कॅलिफोर्नियात बाजारात आले आणि पिशव्या-डब्यांत झुडपे वाढवणाऱ्या नर्सऱ्यांनी ते उचलून धरले. जपानमधून न्यूट्रिकोट आले, इस्रायलमधून मल्टिकोट. आज अमेरिका-युरोपातल्या कुंडीतल्या शोभेच्या झुडपांचे हे मुख्य अन्न आहे.

आता कोल्हापूरच्या दृष्टीने यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट.

चांगल्या लेपाच्या दाण्यातून खत सुटण्याचा वेग पाऊस किती पडला यावर जवळपास अवलंबून नसतो. मिश्रण ओलसर असले की पुरे. त्यावर दहा मिलिमीटर पडो की दोनशे, लेपातून झिरपण्याची गती फारशी बदलत नाही. मातीचा सामू आणि जिवाणूंची संख्या यांचाही तिच्यावर फार परिणाम होत नाही. वेग ठरवते ते तापमान. ढोबळमानाने तापमान दहा अंशांनी वाढले की वेग जवळपास दुप्पट होतो. लेपाच्या जातीनुसार तो थोडा कमी-अधिक. पाऊस सुटलेले खत नेईल, पण न सुटलेले दाण्यात सुरक्षित राहील. ज्या जिल्ह्यात जुलैमध्ये आठ-आठ दिवस सूर्यदर्शन होत नाही, तिथल्या नर्सरीला याहून मोलाचा गुण दुसरा नाही.

याच गुणात धोकाही आहे. पाकिटावर छापलेले ‘पाच ते सहा महिने’ हे ठरावीक तापमान धरून मोजलेले असतात. ऑस्मोकोटसाठी ते २१ अंश सेल्सिअस आहे, इतर काही उत्पादने २५ अंश धरतात. युरोपातल्या मानकाप्रमाणे अशा खतातून २५ अंशांना पहिल्या चोवीस तासांत १५ टक्क्यांहून अधिक आणि अठ्ठावीस दिवसांत ७५ टक्क्यांहून अधिक अन्नद्रव्य सुटता कामा नये. सांगितलेल्या मुदतीत मात्र निदान ७५ टक्के सुटले पाहिजे. एप्रिल-मेमध्ये कोल्हापूरचा पारा ३५ ते ३८ अंशांवर असतो. ते झाले सावलीतल्या हवेचे तापमान. उन्हात ठेवलेल्या काळ्या कुंडीच्या कडेचे मिश्रण ४५ अंशांच्या पुढे तापल्याच्या नोंदी अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या नर्सऱ्यांत झाल्या आहेत, आणि आपल्या काळ्या पिशवीवरचे ऊन काही वेगळे नाही. त्या दिवसांत सहा महिन्यांचा दाणा तीन-साडेतीन महिन्यांत रिकामा होऊ शकतो. शिवाय उन्हाळ्यात तो खत भराभर सोडत असतो आणि पाणी कमी पडले तर क्षार मुळांभोवती साचतात.

जुलैत चित्र उलटे होते. ढगाळ कोल्हापूर तेव्हा मेपेक्षा बरेच थंड असते, दिवसाचा पारा सत्तावीस अंशांच्या आसपास राहतो. म्हणजे धुऊन नेणारा पाऊस सर्वांत जास्त असतो तेव्हाच दाणा तुलनेने हात आखडून खत देतो. मराठी मुलखातल्या पश्चिम पट्ट्याला हा योग चांगला लाभला आहे आणि त्याचा फायदा घ्यायला हवा. मेच्या अखेरीस किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात भरलेल्या, दिवाळीनंतर विकायच्या रोपांना पाच-सहा महिन्यांचा दाणा बेतशीर बसतो. फेब्रुवारीत भरून जूनच्या लागवडीच्या हंगामात विकायच्या रोपांची गोष्ट वेगळी. तिथे तीन-चार महिन्यांचा दाणा मेच्या मध्यालाच दमतो, म्हणून सहा महिन्यांचा घ्यावा आणि मात्रा पाकिटावरच्या खालच्या टोकाची ठेवावी. गुलाब आणि जास्वंद खादाड आहेत, त्यांना मधली मात्रा मानवते. बोगनवेलीला नत्र जास्त झाले की ती पाने आणि फांद्या वाढवत बसते, फुलांचा बहर लांबतो.

मात्रेचे गणित फार अवघड नाही. कुंडीतल्या झुडपांसाठी साधारणपणे लिटरमागे तीन ते पाच ग्रॅम लेपित खत धरतात. चार ग्रॅम धरले तर पाच लिटरच्या पिशवीला वीस ग्रॅम. खतात नत्र १५ टक्के असेल तर हे झाले तीन ग्रॅम नत्र. तेवढेच नत्र साडेसहा ग्रॅम युरियात मिळते, आणि तेवढ्याचसाठी पाच टक्के नत्राची निंबोळी पेंड साठ ग्रॅम लागते. अर्धा टक्का नत्राच्या शेणखतातून ते मिळवायचे म्हटले तर सहाशे ग्रॅम शेणखत हवे. शेणखताने मिश्रणाचा पोत सुधारतो, जिवाणू वाढतात, ते घालावेच. पण सहा महिने झुडूप पोसण्याची जबाबदारी एकट्या त्याच्यावर टाकता येत नाही.

पेंडीचे वेगळे. निंबोळी, एरंडी, भुईमूग या पेंडी आपल्या माणसांनी पिढ्यान्पिढ्या वापरल्या, आणि सावकाश लागू पडणारे खत म्हणूनच वापरल्या. त्यांची चावी जिवाणूंच्या हातात असते. ऊब आणि ओल दोन्ही मिळाली की जिवाणू झपाट्याने कामाला लागतात, म्हणजे जूनमध्ये पेंड एकदम खुली होते आणि पुढच्याच मुसळधार पावसात तिचे नत्र वाहून जाते. ताजी पेंड जास्त झाली तर अमोनियाने कोवळी मुळे भाजतात, पिशवीवर बुरशी धरते, चिलटे घोंगावतात. तरीही ती स्वस्त आहे, जवळ मिळते आणि निंबोळी पेंडीने मातीतल्या सूत्रकृमींनाही काही प्रमाणात आळा बसतो. लेपित दाणा आणि पेंड यांत एकाचीच निवड करायला हवी असे नाही. भरणीत मूठभर पेंड आणि मोजून दाणा, हा मेळ नर्सरीला परवडणारा आहे. फक्त दाण्याची मात्रा त्या मानाने उतरवायला हवी.

इथे एका गैरसमजाचा निकाल लावायला हवा. देशात २०१५ पासून नेहमीचा युरिया निमलेपितच असतो. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत राजेंद्र प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला केलेल्या कामातून ही कल्पना पुढे आली. पण निमतेलाचा हा लेप पाण्याला अडवणारी भिंत नव्हे. अमोनियाचे नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना तो मंद करतो, युरियाचा दाणा मात्र पाण्यात विरघळतोच. पिशवीत निमलेपित युरिया टाकून तो सहा महिने पुरेल अशी आशा धरली तर रोप आधी भाजेल आणि मग उपाशी राहील.

गंधकलेपित युरियाचेही तसेच. केंद्रीय मंत्रिमंडळाच्या समितीने जून २०२३ मध्ये ‘युरिया गोल्ड’ला मान्यता दिली आणि २७ जुलै २०२३ रोजी राजस्थानातल्या सीकर येथे पंतप्रधानांच्या हस्ते तो देशापुढे आला. त्यात ३७ टक्के नत्र आणि १७ टक्के गंधक आहे. चाळीस किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना, म्हणजे निमलेपित युरियाच्या पंचेचाळीस किलोच्या गोणीच्याच किमतीला. गंधकाची गरज असलेल्या रानाला तो चांगला. गंधकाचा थर मात्र ठिसूळ असतो, हाताळणीत तडकतो, आणि त्यात स्फुरद-पालाश नाही. पाच लिटरच्या बंद जागेत वाढणाऱ्या एक्झोऱ्यासाठी तो बनवलेला नाही.

खत थोडे-थोडे, मुळाशी, वेळ घेऊन द्यायचे या विचारात एका मराठी शास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे आणि तो कोल्हापूरच्या पश्चिम तालुक्यांना ओळखीचाही आहे. डॉ. एन. के. सावंत मसल शोल्सच्या आंतरराष्ट्रीय खत विकास केंद्रात मृदाशास्त्रज्ञ होते. म्हणजे ज्या गावात गंधकलेपित युरिया जन्मला त्याच गावात. भाताच्या चिखलात युरियाचे मोठे दाणे खोल पुरण्याविषयी त्यांनी पी. जे. स्टँगेल यांच्यासह १९९० मध्ये लिहिलेला निबंध आजही अभ्यासला जातो. महाराष्ट्रात त्यांचे नाव चारसूत्री भातलागवडीशी जोडले गेले: रोपवाटिकेत तुसाची काळी राख, चिखलणीत गिरिपुष्पाचा पाला, नियंत्रित अंतरावर लावणी, आणि चार चुडांच्या मधोमध सात ते दहा सेंटिमीटर खोल पुरलेली युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची ब्रिकेट. राधानगरी, भुदरगड, गगनबावडा, शाहूवाडी या भाताच्या मुलखासाठी हे तंत्र नेमके आहे. तिथे लेप नाही. हवा न पोचणारा चिखलच नत्राला अमोनियाच्या रूपात धरून ठेवतो. म्हणूनच ती ब्रिकेट जशीच्या तशी नर्सरीच्या पिशवीत नेता येत नाही. कोकोपीट-तुसाच्या पोकळ, निचऱ्याच्या मिश्रणात ती भराभर विरघळते आणि एका जागी क्षारांचा गोळा करते. जागेने जे साधते ते पिशवीत लेपानेच साधावे लागते.

खरी अडचण पैशांची आहे. लेपित खत बहुतांशी परदेशी कंपन्यांचे. किलोचा भाव ४०० रुपये धरला तर वीस ग्रॅमचे आठ रुपये होतात, दहा हजार पिशव्यांचे ऐंशी हजार. समोर सहा रुपये किलोच्या आत मिळणारा अनुदानित युरिया. नुसत्या नत्राच्या हिशेबाने पाहिले तर फरक दोनशे पटींचा येतो. लेपित दाण्यात स्फुरद-पालाशही असते हे धरले तरी तो डोळ्यांत भरतो. पण नर्सरीवाला नत्र विकत नाही, रोप विकतो. पंधरा दिवसांनी एकदा विद्राव्य खत द्यायचे तर सहा महिन्यांत बारा वेळा दहा हजार पिशव्यांपाशी माणूस पाठवावा लागतो, आणि भर पावसातल्या फेऱ्यांचे खत बरेचसे वाफ्यातल्या सरीत जाते. ज्याच्याकडे ठिबक आहे, कायमचा कामगार आहे आणि रोपे वर्षभर आडोशाला आहेत, त्याने विद्राव्य खतच वापरावे. त्यात काही गैर नाही. उघड्यावरच्या, पावसात उभ्या राहणाऱ्या आणि ज्यांचा भाव बरा येतो अशा झुडपांसाठी आठ रुपये महाग नाहीत. महिनाभरात विकून जाणाऱ्या हंगामी फुलांच्या रोपांवर ते घालवणे मात्र उधळपट्टी आहे.

आठ रुपये घालून ते वाया घालवण्याच्या वाटाही पुष्कळ आहेत. सिमेंटच्या मिक्सरमध्ये खडीच्या सोबतीने मिश्रण फिरवले की लेप खरचटतो. असा दाणा पहिल्याच पाण्याला उघडा पडतो. दाणा घालून तयार केलेला ओलसर ढीग ताडपत्रीखाली तीन आठवडे पडून राहिला, तर खत ढिगातच सुटत राहते आणि भरलेल्या पहिल्या पिशवीतच रोप करपते. मिश्रण निर्जंतुक करायचे असेल तर आधी करावे, दाणा नंतर घालावा. दाणा वरून पसरला तर तण आणि शेवाळ फोफावते, पिशवी वाऱ्याने कलंडली की खत बाहेर सांडते. मिश्रणात एकजीव केलेला किंवा लावणीवेळी मुळांच्या जरा खाली ठेवलेला दाणा जास्त कामाचा. आणि मोजमाप चिमटीने करू नये: ज्या चमच्याने किंवा झाकणाने खत घालायचे ते एकदा काट्यावर भरून पाहावे, ग्रॅम कळले की तोच चमचा कायम ठेवावा.

गिऱ्हाइकांचीही एक गंमत होते. घरी आणलेल्या कुंडीच्या मातीत गोल पिवळे दाणे दिसले की ती गोगलगाईची अंडी समजून वेचून टाकली जातात. उलट नर्सरीत, खत संपले तरी रिकामी टरफले तशीच दिसत राहतात आणि खत शिल्लक आहे असे वाटते. बोटांच्या चिमटीत दाबून पाहिले की कळते: आत पांढरा घट्ट गाभा असेल तर खत बाकी आहे, नुसते पाणी निघाले किंवा टरफल दबले तर तो रिता झाला आहे.

याहून पक्की तपासणी अमेरिकेतल्या व्हर्जिनियात रॉबर्ट राइट यांनी १९८० च्या दशकात बसवली आणि ती कोल्हापूरच्या कुठल्याही नर्सरीत करता येते. पिशवीला पोटभर पाणी द्यायचे, निथळू द्यायचे. अर्धा-पाऊण तासाने ती बशीवर ठेवून वरून शंभर मिलिलिटरच्या आसपास साधे पाणी सावकाश ओतायचे आणि खाली निघालेल्या पाण्यात खिशात मावणारे ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांचे प्रमाण) मोजणारे मीटर बुडवायचे. फक्त लेपित खत दिलेल्या झुडपांसाठी ०.२ ते ०.५ डेसीसिमेन प्रति मीटर हा आकडा तिकडे योग्य मानतात. आपल्याकडे आधी एक पायरी वाढवावी लागते. काळ्या पाषाणातल्या बोअरचे पाणी अनेकदा स्वतःच जड असते, त्याचाच आकडा या कक्षेबाहेर जाऊ शकतो. म्हणून अगोदर नुसत्या पाण्याची ईसी मोजायची आणि ती लक्षात घेऊन पिशवीचा आकडा वाचायचा. अशा जड पाण्यावर एक्झोऱ्याची नवी पाने शिरा हिरव्या राहून पिवळी पडतात. ती नत्राची कमतरता नसते, वाढलेल्या सामूमुळे लोह मिळेनासे झालेले असते. तिथे आणखी खत घालून उपयोग नाही.

क्षार साचले की काय होते हे शिरोळ तालुक्याला कोणी शिकवायला नको. अति पाण्याने तिथल्या काळ्या जमिनी क्षारपड झाल्या आणि श्री दत्त सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी जमिनीखाली सच्छिद्र नळ्या टाकून त्या पुन्हा पिकाखाली आणल्या. पिशवीत हीच घडामोड लहान प्रमाणात आणि काही आठवड्यांत होते. मे महिन्यात पाणी मोजके द्यायचे आणि दाणा भराभर सुटतो आहे, अशा वेळी आठवड्यातून एकदा भोकांतून थोडे पाणी निथळेल इतके द्यायलाच हवे.

पुरानंतरही हेच. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले, जुलै २०२१ मध्ये त्याहूनही वर. नदीकाठच्या सखल जागेतली पिशवी दिवसेंदिवस पाण्याखाली राहिली की मुळे गुदमरतात, पण दाणा आपले काम थांबवत नाही. पाणी ओसरल्यावर आधी गाळ काढावा, पिशव्या उंचावर घ्याव्यात, स्वच्छ पाण्याने दोनदा धुवाव्यात आणि नवी पांढरी मुळे दिसेपर्यंत वेगळे खत देऊ नये.

लेपित दाण्याविरुद्ध एक गंभीर तक्रार आहे आणि ती खरी आहे. खत संपते, टरफल राहते. जपानमध्ये भातखाचरांतून वाहून गेलेली अशी टरफले समुद्रकिनाऱ्यांवर सापडू लागली आणि तिथल्या सहकारी व खत संघटनांनी २०३० पर्यंत प्लास्टिकच्या लेपावरचे अवलंबन संपवण्याचे उद्दिष्ट ठेवले. युरोपीय संघाने सप्टेंबर २०२३ मध्ये सूक्ष्म प्लास्टिकवरचे निर्बंध लागू केले, त्यांत खतांच्या लेपांनाही मुदत घालून दिली. पुढे मातीत कुजणारा लेपच तिथे चालेल. पंचगंगेवर दरवर्षी पसरणारी जलपर्णी पाहता नदीत जाणारे नत्र कमी करणे ही इथली निकड आहे. त्यात नर्सऱ्यांचा वाटा लहान असला तरी दाणा त्यात मदतच करतो. पण नत्र वाचवताना नदीला प्लास्टिक देणे परवडणारे नाही. वापरलेले मिश्रण ओढ्याकाठी फेकण्याची पद्धत बंद करणे आणि ते नर्सरीतच पुन्हा भरणीला घेणे, एवढे तरी आजच करता येईल.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे विभागीय कृषी संशोधन केंद्र कोल्हापुरातच, शेंडा पार्कात आहे. तिथे जास्वंद, एक्झोरा आणि बोगनवेलीच्या शे-दोनशे पिशव्या मांडून, तेवढ्याच गगनबावड्यात ठेवून, निंबोळी पेंड, विद्राव्य खत आणि तीन मुदतींचे लेपित दाणे यांची दोन पावसाळे तुलना केली, तर या पट्ट्यातल्या नर्सऱ्यांना परदेशी पाकिटावरच्या महिन्यांवर विसंबावे लागणार नाही. दर पंधरा दिवसांनी निथळलेल्या पाण्याची ईसी, मिश्रणाचे तापमान आणि फांद्यांची लांबी लिहून ठेवायची. खर्च मोठा नाही. तोवर नर्सरीवाल्यांनी निदान एक करावे: विकताना पिशवीवर खडूपेनने दाणा घातल्याची तारीख, ग्रॅम आणि मुदत लिहावी. म्हणजे रोप घरी नेणाऱ्या माणसाला ‘जून, २० ग्रॅम, ६ महिने’ एवढे वाचून कळेल, की नोव्हेंबरपर्यंत पाण्याखेरीज काही द्यायचे नाही आणि डिसेंबरात कुंडी बदलताना नवे खत घालायचे आहे.